सरावाचं भांडण

“बाबा, तुम्हाला काही कळतं की नाही?” एवढं बोलून लेक हसू लागली. हातातलं ताट तिने वाजवलंसुद्धा नाही.

“असं विचारल्यावर कोण घाबरेल?” जिने चढून आल्याने त्याला धाप लागली होती, कमरेला लाकडी पिस्तूल होतं. “वर्गात पोरांवर ओरडतेस ना? तसं ओरड.”

तो बँकेचा बंदूकधारी पहारेकरी. दर वर्षीच्या चाचणीत यंदा त्याने पुठ्ठ्याच्या माणसांपैकी नेमक्या त्याच्यावर गोळी झाडली होती, ज्याच्या हातात साधी पिशवी होती. उद्या शेवटची संधी. चुकलं तर शस्त्र जमा करून दाराशी टोकन वाटत बसायचं.

जुने वस्ताद सांगत, शांत उभं राहून कुणीही नेम साधतो. काळीज तोंडाशी आलं की हाताला फक्त सराव आठवतो. आधी श्वास, मग समोरच्याचा हात पाहायचा, चापावर बोट सगळ्यात शेवटी. हे त्याने तेव्हाच घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि तिने ते मनावर घेतलं. तो धापा टाकत दारात आला की ती ताट बडवत तोंडाचा पट्टा सोडी. सरावाच्या निमित्ताने खरी भांडणंही उरकून घेई: धाकट्या दिराच्या लग्नातला अपमान, विसरलेली औषधं, घरात असून नसल्यासारखं वागणं. शेजारी आधी धावत आले, पुढे नुसतं दार लावून घेऊ लागले. बोलता बोलता ती पाठीमागचा हात झटकन पुढे करी. लाटणं म्हणजे दरोडेखोर, फणी म्हणजे गिऱ्हाईक. एकदा तिने रिकामाच हात पुढे केला. पिस्तूल बाजूला ठेवून त्याने तो हातात घेतला होता, आणि त्या दिवशीचा सराव तिथेच संपला होता.

ती जाऊन वर्ष झालं होतं.

“पुन्हा येतो,” म्हणून तो खाली उतरला आणि भराभर जिने चढून आला. लेक भिंतीला टेकून उभी होती. या खेपेला ती हसली नाही.

“आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती,” ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. “आणि तुम्ही बँकेचं दार राखत होतात! फोन उचलला नाहीत. एकदाही नाही!”

तिचा हात पुढे आला. त्याचं पिस्तूल वर आलं होतं. त्याने श्वास सोडला, हाताकडे पाहिलं. फणी होती. त्याचं बोट चापाबाहेर, सरळ होतं.

तिने त्याला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर नवे वस्ताद पत्र्याचा डबा बडवत कानाशी ओरडत राहिले. पुठ्ठ्याची माणसं गर्रकन वळली. पिशवीवाल्यापाशी त्याचं बोट थांबलं. पिस्तूलवाल्यापाशी थांबलं नाही. शस्त्र त्याच्याकडेच राहिलं.

संध्याकाळी जिने चढून तो दारात आला आणि सवयीने थांबला. लेकीने वर पाहिलं.

“पास ना? या आत. आज मी काही बोलत नाही.”

तो उंबऱ्याबाहेरच, धाप ओसरेपर्यंत उभा राहिला.

“बोल की,” तो म्हणाला.