चेन ताणण्याचा मान

जावयाने मोटरसायकलची चेन ढिली ठेवली होती. मिस्त्रीने खालून बोट लावून उचलली तर चांगली दीड इंच हलली, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जावईबापू, ही चेन आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

जावई पायरीवर बसला होता. मांडीवर गाडीसोबत आलेलं पुस्तक, हातात शाळेतली पट्टी. "पुस्तकात तेवढीच सांगितलीय, बाबा."

पुस्तकात! चाळीस वर्षं गॅरेजात घासलेल्या माणसाला आता हा चेन शिकवणार. चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, याउपर ज्याची झेप नाही तो. एवढासा काडीचा स्क्रू पिळायचा तर भिंग लागतं याला. नखात काळं म्हणून सापडायचं नाही. मिस्त्रीला अशा माणसांची शिसारीच होती, आणि नेमका असला नग लेकीने पसंत करून घरात आणला होता.

लेक डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स होती. रोज या उंच मोटरसायकलवरून घाट चढायची, उतरायची. वळणावर चेन उतरली तर पट्टी धावून येणार होती का? गॅरेज बंद झाल्यापासून मिस्त्रीला कुणी काही विचारत नसे. महिन्यातून एका रविवारी लेकीची चेन ताणायची, एवढंच काम त्याच्या हाताला उरलं होतं. ते कुणी काढून घेतलं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. गाडी डबल स्टँडवर घेतली, मागच्या ॲक्सलचा मोठा नट सोडला, चेन ताणायचे दोन्हीकडचे छोटे नट सरसर पिळले, मोठा परत आवळला, बोटाने चेन टिचकावली. अर्धा इंच, त्यावर केसभर नाही. "हे असं असतं. बोटाला कळतं. लिहून घ्या हवं तर तुमच्या पुस्तकात."

जावयाने दारात उभ्या बायकोकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. मिटणार नाही तर काय करणार, कपाळ?

लेक किल्ली घेऊन पुढे आली. "बाबा, आज मी सोडते तुम्हाला घरी. बसगाड्या बंद आहेत."

मिस्त्री ऐटीत मागे बसला. गाडी गल्लीत निघाली तशी खालून घरघर यायला लागली. खड्ड्यात आदळली की खाली कचकन ताण बसायचा. रस्ता खराब, मिस्त्री मनात म्हणाला. कोपऱ्यावर लेकीने गाडी थांबवली.

"जरा उतरा."

तिने सीटखालून फडक्यात गुंडाळलेले पाने काढले. न शोधता, न चाचपडता. मग म्हणाली, "मी बसते. तुम्ही चेन हलवून बघा."

ती सीटवर पूर्ण वजन टाकून बसली. मागचे शॉकअप दबले, गाडी खाली बसली. मिस्त्रीने वाकून बोट लावलं. चेन सळईसारखी ताठ झाली होती. अर्धा इंच कुठला, सूतभरही हलेना. गॅरेजात त्याच्या हाताखालून गेल्या त्या सगळ्या बुटक्या गाड्या. त्यांना अर्धा इंच पुरायचा. या गाडीचं चाक वजनाने एवढं वर सरकतं, हे त्याने कधी बसून बघितलंच नव्हतं.

"दोघं बसलो की आणखी ताणते," ती म्हणाली. "घाटात तुटली तर चाकातच अडकायची."

तिने ॲक्सल सैल केला, दोन्हीकडचे नट मोजून सारखे मागे फिरवले, टायरला पायाने धक्का देऊन चाक पुढे सरकवलं, परत आवळलं. सगळं मिळून पाच मिनिटं. पाना धरायची ढब मिस्त्रीची होती. हिशेब जावयाचा.

"कधीपासून करतेस हे?"

ती हात पुसत राहिली. "गाडी घेतल्यापासून. तीन वर्षं. तुम्ही गेलात की करते."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"मी सांगणारच होते. तो म्हणाला, राहू दे. बाबांना बरं वाटतं, त्यांना ताणू दे. आपण नंतर ढिली करू."

मिस्त्रीने तोंड उघडलं. जावयासाठी ठेवणीतल्या पाच-पन्नास शिव्या होत्या, त्यातली एकही जागेवर सापडेना. तीन वर्षं तो त्या चष्मेवाल्याची कीव करत होता, आणि चष्मेवाला पायरीवर बसून, रडक्या पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तशी त्याच्या हाती चेन देत होता.

"बसा, बाबा," लेक म्हणाली.

तो बसला. गाडी आवाज न करता चालू लागली.