दोन कडव्यांमधला शिरीष

शिरीषचा सूर नेहमी खालून यायचा. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात स्टीलची जाड कांडी, आणि ती कांडी तारेवरून घसरत नेमक्या जागी पोचेपर्यंतचा तो अर्धा क्षण, ज्यात स्वर अजून स्वर झालेला नसे, पण तो होणार हे कानाला आधीच कळलेलं असे. ऑक्टोबरमधल्या सकाळी हूफडॉर्प या डच गावातल्या आमच्या घरामागच्या सपाट शेतांतून धुकं असंच उठतं. उठताना दिसत नाही, उठल्यावर दिसतं. इथली जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा चारेक मीटर खाली आहे. त्याच्या मींडेला या खोलीची ओढ असावी असं मला वाटायचं. वर येण्याआधी ती तळाला एकदा स्पर्श करून यायची.

माणूस म्हणूनही माझा नवरा असाच, उशिरा दिसणारा. बाकावर बसला तर कडेला, फोटोत उभा राहिला तर दुसऱ्याच्या खांद्यामागे. प्रश्न विचारला की उत्तर एका श्वासाच्या अंतराने येई, त्यामुळे ऑफिसच्या कॉलवर समोरच्यांना वाटे की लाईन गेली. "हॅलो शिरीष, आर यू देअर?" हे वाक्य मी आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज दोनतीनदा तरी ऐकलं आहे. हिवाळ्यात चार वाजता उजेड तिरपा होऊन बागेच्या काचेच्या दारातून आत येई, तेव्हा तो दाराशी बसून तारा जुळवत असे. सहा तारांवर उजेडाच्या सहा बारीक रेघा, आणि त्यांच्यावर वाकलेलं त्याचं विरळ होत गेलेलं डोकं. त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला आधी टाळू आठवते. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ वरून पाहिलं असेल.

हे वाद्य त्याला सांगलीत भेटलं, शेजारच्या पोस्टमास्तरांकडे. गणपतीत किंवा कुणाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ते हवाईयन गिटारवर सिनेमातली गाणी वाजवीत, शब्दांशिवाय, आणि ऐकणारे आपापल्या मनात शब्द भरून घेत. शिरीष दहाव्या वर्षी त्यांच्या शेजारी जाऊन बसला तो तिथून उठलाच नाही. चौदा वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो तेव्हा कुकर माझ्या बॅगेत होता आणि गिटार त्याच्या खांद्यावर. पहिली काही वर्षं ती फक्त आमच्या भिंतींनी ऐकली. मग एका उन्हाळ्यात वस्तीच्या जत्रेत मार्योलेनचा बँड भेटला.

मार्योलेन विमानतळाच्या मार्गावर बस चालवते आणि शनिवारी कंट्री गाते. हे संगीत मूळचं अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं, पण डच गावांतही त्याचे वेडे आहेत. रुंद टोप्या आणि टाचांचे बूट घालून ते ओळीने नाचतात. त्या गाण्यांत गोष्ट असते, म्हणून सगळा उजेड गोष्ट सांगणाऱ्यावर. त्यांना मांडीवरची गिटार वाजवणारा हवाच होता. शिरीषने तीन सूर वाजवले आणि हेंक, त्यांचा बास गिटारवाला, म्हणाला, "काउबॉय आणि इंडियन, दोन्ही एकाच माणसात. एक टोपी वाचली." सगळे हसले. शिरीष एका श्वासाने उशिरा हसला.

गाण्यातलं त्याचं काम बहुतेक वेळ मागच्या मागे चाले. मार्योलेनची ओळ संपली की तिच्या शेवटच्या शब्दाला हात धरून हळूच खाली उतरवायचं, आणि ती पुढची ओळ घेईपर्यंत बाजूला व्हायचं. मात्र दुसऱ्या कडव्यानंतर ती दोन पावलं मागे सरे आणि सोळा आवर्तनं फक्त त्याची असत. दिवा तेव्हाही तिच्या रिकाम्या जागेवरच राही, कारण दिव्याचं बटण बारपाशी होतं आणि बारवरून कोण उठतंय. त्या रिकाम्या उजेडाच्या कडेला, अर्ध्या अंधारात तो वाजवी. चौथं गाणं नदीकाठचं घर सोडून निघालेल्या एका बाईचं होतं. त्यात त्याचा सूर दारापर्यंत जाई, आणि कुलूप नीट लागलंय ना हे पाहायला माणूस परत येतो तसा परत येई. मग पुन्हा निघे, आणि शेवटी एक लांब मींड, बोटीसाठी कालव्यावरचा पूल उचलला जातो तितक्या सावकाश.

हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी घड्याळ पाहत होते.

दर सरावाला मी वही घेऊन जायची आणि वेळ टिपायची. कुणी सांगितलं नव्हतं. औषधांच्या एका गोदामात नोंदी पडताळण्यात माझा दिवस जातो, आणि नोंद झाल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं मला वाटतच नाही. चौथं गाणं: एकूण चार मिनिटं बावन्न सेकंद, त्यात शिरीष अठ्ठेचाळीस. म्हणून बँडने तबकडी काढायचं ठरवलं, काळी, मोठी, जुन्या पद्धतीची, तेव्हा मोजमाप आपोआप माझ्याकडे आलं. तबकड्या छापणाऱ्या कारखान्याने कळवलं होतं की एका बाजूवर वीस मिनिटांच्या पुढे गेलात तर आवाज पातळ होईल. आमची दहा गाणी दोन्ही बाजू मिळून तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांनी जास्त भरत होती. ध्वनिमुद्रण अजून व्हायचं होतं. सरावाच्या खोलीत, कॉफीचे कप हातात घेऊन सगळे बसले असताना मार्योलेन म्हणाली, "माझं एक गाणं काढून टाकू या."

"गाणं काढलं की एक गोष्ट जाते," मी म्हणाले. "मधली वादनं मिळून सहा मिनिटं वीस सेकंद आहेत. ती कमी केली तर काहीच जात नाही."

हे मी त्याच्यासमोर म्हणाले, कागदावर बोट ठेवून. सगळ्यांनी शिरीषकडे पाहिलं. एक श्वास गेला.

"तिचे आकडे बरोबर असतात," तो म्हणाला.

दहा गाण्यांत मिळून त्याची दोन मिनिटं पस्तीस सेकंद उरली. चौथ्या गाण्यात बारा सेकंद.

घरी परतताना कालव्याकाठच्या सायकलवाटेवर तो पुढे, पाठीवर गिटार, आणि मी मागे. वारा समोरून होता, म्हणून ओरडून बोलावं लागत होतं.

"राग आला का रे?"

"कशाचा?"

"कापलं त्याचा."

"अगं, लोक गाणं ऐकायला येतात. मी म्हणजे पानातली कोशिंबीर."

"आणि कोशिंबीर नसली तर?"

"तर काय! जेवण होतंच की."

एवढं म्हणून, इतका वारा असूनही, त्याने सायकलचा वेग वाढवला. गिटारची काळी पेटी माझ्यापासून लांब लांब जात राहिली. मला ते तेव्हा समजायला हवं होतं. मी समजले ते एवढंच की त्याला भूक लागली असेल.

एप्रिलमध्ये तबकडी आली. पुढच्या बाजूला मार्योलेन, भर उजेडात. मागच्या बाजूला बाकीचे, त्यात शिरीषची टाळू. त्याने ती एकदा शेवटपर्यंत ऐकली, कापडाने पुसली, पाकिटात घातली. शनिवारच्या कार्यक्रमांतही तबकडीवर आहे तसंच वाजवायचं ठरलं, कारण लोक घरी जे ऐकून आलेले असतात तेच मागतात. लांब वादन असं कुणालाही न दुखवता संपलं. सप्टेंबरमध्ये फॅमिली डॉक्टरांनी त्याला पोटाच्या तपासण्या करायला पाठवलं. आजार कळल्यापासून तो अकरा आठवडे होता.

नवव्या आठवड्यात एका दुपारी त्याने गिटार मागितली. मांडीवर उशी ठेवली, उशीवर गिटार. कांडी हातातून दोनदा निसटली आणि दोन्ही वेळा मी ती पलंगाखालून काढून दिली. मग मी फोन हातात घेतला.

"ते चौथ्या गाण्यातलं वाजव ना. पूर्ण. मी घेते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "किती सेकंदांचं हवंय?"

मी हसले. तो अजून मला चिडवू शकतो याचाच मला आनंद झाला होता. त्याने कांडी तारेवर टेकवली, सूर निघाला, आणि जागेवर पोचायच्या आधीच थांबला.

"बोटं ऐकत नाहीत गं. राहू दे. उद्या बघू."

तसा उद्या आला नाही.

तो गेल्यावर मला एकच गोष्ट हवी होती: ती सोळा आवर्तनं, एकदा, सलग. सुरावट मला आठवत नव्हती. वहीत चौदा ठिकाणी अठ्ठेचाळीस लिहिलं आहे, स्वच्छ अक्षरात, आणि त्या आकड्याच्या आत काय होतं ते मला गुणगुणता येत नव्हतं. गुणगुणायला गेले की तोंडात तबकडीवरची बारा सेकंदच येत. मी मार्योलेनला, हेंकला, शेजाऱ्यांना, इथल्या आमच्या मराठी मंडळींना लिहिलं की त्याच्या वाजवण्याचं जे काही असेल ते पाठवा. एकतीस चित्रफिती जमल्या. आमची मुलगी ईरा ग्रोनिंगेनला शिकते. ती दोन दिवसांसाठी आली आणि आम्ही त्या एकामागून एक पाहिल्या. मार्योलेन गात असते तोवर फोन स्थिर असतो. गाणं थांबतं आणि फोन खाली येतो: छत, कुणाची तरी बाही, काळोख. काहींत वादन सुरू होतं, पण त्याच क्षणी सगळा हॉल बोलायला लागतो. आमच्या मंडळींच्या एका चित्रफितीत दोन आवाज अगदी जवळून येतात:

"शिऱ्या कुठाय रे? दिसत नाही."

"तो काय डावीकडे. मान खाली."

"आणि वहिनी बघ, वही घेऊन बसल्यात. परीक्षा आहे का त्याची?"

"वाजवतो मात्र झकास हां. चल, बिअर आणू, हिचं परत सुरू व्हायच्या आत."

शेवटच्या नऊ माझ्याच फोनमधल्या होत्या. नऊही दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या शब्दावर संपत होत्या, कारण तिथे मी फोन ठेवून घड्याळ हातात घेत असे. ईराने शेवटची पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाली, "आई, यू ऑल्वेज स्टॉप देअर."

मी उठून चहा टाकला.

बत्तिसावी चित्रफीत विल्माची. ती युट्रेख्टजवळच्या एका गावात हा ओळीने करायचा नाच शिकवते. पूर्वी शाळेत व्यायामशिक्षिका होती. तिने फोन केला आणि अपराधी आवाजात म्हणाली, "यात गाणारी दिसत नाही हो. नुसते पाय आहेत. शिकणाऱ्यांना पावलं कळावीत म्हणून घेतलं होतं, तबकडीच्या आदल्या वर्षी. चालेल का?"

"चालेल," मी म्हणाले.

लाकडी जमीन, बुटांच्या बारा जोड्या. चौथं गाणं. दुसरं कडवं संपतं. फोन खाली येत नाही, कारण तो आधीपासूनच खाली आहे. आणि शिरीष सुरू होतो. आणि त्याच क्षणी विल्मा मोजायला लागते. एन, त्वे, द्री, फीर. शब्द चालू असतात तोवर नाचणाऱ्यांना आपण कुठे आहोत ते कळत असतं. शब्द थांबले की कुणालातरी मोजावं लागतं. एक ते आठ, आठ वेळा. मैदानावरच्या खणखणीत आवाजात चौसष्ट आकडे, आणि त्यांच्याखाली, बुटांच्या ठोक्यांच्याही खाली, माझा नवरा. मार्योलेन पुन्हा गाऊ लागते आणि विल्मा लगेच गप्प होते. आता मोजण्याची गरज नसते.

विल्माला मी काय नावं ठेवणार! ती आपलं काम चोख करत होती. ईराने संगणकावर तिचा आवाज वेगळा काढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दोघं एकमेकांत असे मिसळले आहेत की तिला पुसलं की तोही पुसला जातो. मग मी ते आहे तसंच ठेवलं. गोदामाकडे जाताना, झुइडओस्टच्या मेट्रोत, उभ्याने ऐकते. सहाव्या फेरीत कुणाचं तरी पाऊल चुकतं, दोन बूट भलतीकडे वळतात, विल्माला हसू फुटतं आणि ती मोजायची थांबते. तिथे तीन सेकंद तो एकटा आहे: एकच स्वर, चढता, निवांत, कुणाचीही वाट न अडवणारा. मग ती हसू आवरते आणि सातपासून पुन्हा धरते. काळही असाच आपल्या माणसांच्या अंगावरून मोठ्याने मोजत पुढे जातो; चुकून कधी त्याचा एखादा आकडा राहतो, आणि तेवढ्याशा फटीतून गेलेला माणूस पुन्हा एकदा पूर्ण ऐकू येतो, आणि पुन्हा एकदा जातो.