वाफसा कोणासाठी थांबत नाही

मित्रांनो, मी एक जुनी तिफण आहे. बाभळीची, तीन फणांची आणि जराशी तोंडाळ. पेरणीला बैलांची जोडी मला ओढते. माझ्यावरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, बाई मुठीने बी सोडते आणि ते नळ्यांतून थेट मातीत उतरते. कौंडण्यपूरजवळच्या किसनरावाने मला हौसेने घडवून घेतले. चाड्यावर मूठ धरायची ती त्याची बायको सुभद्रा. तिची मूठ इतकी सारखी, की गाव तिचे नाव घ्यायचे.

इंग्रजी अमलातल्या एका वर्षी विलायतेच्या गिरण्यांना कापूस पुरत नव्हता. भाव असा चढला की लोकांनी ज्वारीच्या वावरातही कपाशीच लावली. भादव्यात वर्धा नदीला पूर आला. उभी कपाशी गाळात आडवी झाली आणि किसनरावाच्या जोडीतला चांद्या बैल वाहून गेला.

आठ दिवसांनी तहसीलची दवंडी आली. बुडालेल्यांना सरकार मदत देणार. कारकून येऊन पाहील तोवर वावर आहे तसेच ठेवा. किसनरावाला त्या पैशांत बैल घ्यायचा होता. एका बैलावर मी हलत नाही, हे तुम्हाला कळलेच असेल.

दसरा गेला तरी कारकून येईना. इकडे चिखल वाळत आला, माती मुठीत भुरभुरू लागली. यालाच वाफसा म्हणतात. चार दिवस असतो, मग माती दगड होते.

"थांबा ना जरा. कारकुनाले पाहून जाऊ द्या," सुभद्रा म्हणाली.

"वाफसा गेल्यावर काय गोटे पेरू? चाल, हरभरा घे."

शेजारच्या चंद्रभानने आपला एक बैल दिला. सडकी कपाशी उपटून आम्ही दोन दिवसांत हरभरा पेरला. मला फार अभिमान वाटला. बाकीचे गाव दवंडी ऐकून हातावर हात ठेवून बसले होते, चंद्रभानसुद्धा.

कारकून आला तो पौषात. चंद्रभानचे काळे पडलेले वावर पाहून त्याने मदत लिहिली. आमच्या हरभऱ्याला तेव्हा घाटे लागले होते.

"इथं तर पीक उभं आहे," कारकून म्हणाला.

"सायेब, पूर माह्या वावरात आला तसाच याच्याबी आला," चंद्रभान म्हणाला. "पेराले बैल म्याच देला."

"मी डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो."

आणि त्याने लिहिले, नुकसान नाही. किसनराव बाभळीच्या खोडावरची गाळाची रेघ दाखवत राहिला. तोवर कारकुनाचे घोडे पुढच्या वावरात गेले होते.

हरभऱ्याने घर जगवले, पण बैल काही आला नाही. मृगात ज्याची त्याची जोडी ज्याच्या त्याच्या वावरात. चंद्रभानची पेरणी आटोपून त्याचा बैल आमच्याकडे येईपर्यंत पंधरा दिवस गेले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू येत होते.

शेवटी जुंपायच्या दिवशी सुभद्रा सरकी घेऊन आली. किसनराव माझ्या फणांची माती काढत म्हणाला, "आता पूर आला तं काई पेराचं नाई. सडू द्याचं."

सुभद्राने चाड्यावर मूठ धरली. त्या दिवशी तिची मूठ पहिल्यांदा चुकली. तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, मधे मधे मोकळी जागा राहिली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी कारकून होईल. बुडालेले वावर पाहायला जायचे तर वाफसा आहे तोवर जा. उशीर झालाच आणि समोर हिरवे दिसले, तर आधी विचारा, बाबा, हे कसे पेरलेस? माझ्या किसनरावाला कोणी विचारले नाही.