झाकण लावण्याआधी

"सिस्टर, हलू नकोस. आहेस तिथंच थांब."

पर्स खांद्यावर, एक पाय चपलेत आणि एक फरशीवर, अशी ती दारात थबकली. नवरा गुडघ्यांवर बसून, फरशीला जवळजवळ गाल लावून पाहत होता. इस्पितळात सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि चिडवायला म्हणून घरात तोही.

"आता काय उडालं?"

"रेडिओचं बटण. चिमट्यातून सटकलं."

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या या माणसाने निवृत्त झाल्यावर प्लास्टिकचा रणगाडा जोडायला घेतला होता. ओंजळीत मावेल एवढा, पण आतल्या रेडिओसकट भाग असे की जवळ कुणी शिंकलं तर निम्मे गायब व्हावेत. बटण शेवटी तिच्याच युनिफॉर्मच्या बाहीवर सापडलं. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तिने ते बोटाच्या टोकावर घेऊन दिलं, तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला की तिला हसूच आलं.

"आतलं सगळं आज होईल," तो म्हणाला. "झाकण चिकटवायच्या आधी एकदा बघून घे. मग कुणालाच दिसायचं नाही."

"न दिसणाऱ्या गोष्टीसाठी एवढी मरमर?"

"लिफ्टचं तरी आतलं कोण बघायचं?"

"बरं, आल्यावर बघते."

आली तेव्हा पाय बोलत होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात माणसं कमी, म्हणून डबल ड्यूटी. मग धुण्याचा ढीग. रणगाड्याचं झाकण नुसतं रबरबँडने बांधून टेबलावर पडून होतं. एकदा तो रबरबँड काढून, टेबलावरचा दिवा वाकवून तिला बोलवायला आला. "आज नको हो, डोळे मिटतायत," ती म्हणाली. त्याने दिवा बंद केला आणि तिच्या अंगावर चादर घातली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी टेबल पुसताना तिला नुसताच रबरबँड मिळाला. रणगाडा रंगून, पुरा होऊन शेजारी उभा होता. झाकणाची फट शोधून सापडेना, इतकं सफाईदार काम.

"मला न दाखवताच बंद केलंत?"

"राहिलं खरं," पेपर चाळत तो म्हणाला. "धूळ जायला लागली होती आत."

तो चिडला असता तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हताच, आणि तेच तिला लागलं. रोज परक्या माणसांचा ताप, नाडी, जखमा बघत फिरायचं, आणि घरातलं ओंजळभर बघायला आपल्याला सवड होऊ नये, याची तिला लाज वाटली.

रविवारी तिची धाकटी बहीण आणि बहिणीचा नवरा आले. साडूने रणगाडा उचलून चांगला उलटासुलटा करून पाहिला.

"साडूबुवा, बाकी झकास जमलाय. पण आत काय, हवा?"

"आत काय असणार? पोकळच."

चहाचा ट्रे घेऊन ती दारातच थांबली.

"पोकळ नाहीये," ती म्हणाली. "आत बसायची जागा आहे. तिला गादी आहे, माझ्याकडच्या ड्रेसिंगच्या गॉझची. गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा आरसा आहे. रेडिओ आहे, त्याला बटण आहे."

तो अधूनमधून काय काय मागून नेई, त्यावरून जुळवलेलं होतं हे. याहून जास्त तिला काही ठाऊक नव्हतं.

"अरे वा. गादीला रंग कुठला दिलाय, ताई?" साडूने सहज विचारलं.

ती ट्रे खाली ठेवून एकेक कप मांडू लागली.

"खाकी," नवरा म्हणाला. "बघितलाय तिने. बंद करायच्या आधी तिलाच तर दाखवलं होतं."

साडूने मान डोलावली, आणि चहा संपेपर्यंत विषय बहिणीच्या गुडघेदुखीवर गेला.

पाहुणे गेल्यावर तो कप विसळायला गेला. कपाटात ठेवायला म्हणून तिने रणगाडा उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं. अगदी बारीक. बटणच सुटलं असणार. ते पुन्हा बसवायचं तर आता सगळं फोडावं लागलं असतं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने रणगाडा दोन्ही हातांत सपाट धरला, आणि काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी ती हळूहळू कपाटाकडे चालत गेली.