भरल्या घरातलं दुखणं

अनुसूयाबाई खेर आणि हौसाबाई शेडगे यांना हृदयविकाराचा झटका एकाच आठवड्यात आला. झाशीच्या रुग्णालयात दोघींच्या खाटा शेजारी शेजारी लागल्या. दोघींनाही मधुमेह, दोघींनाही एकेक स्टेंट. पाठ आणि जबडा दुखतोय म्हणून दोघींनीही आधी घरी बाम चोळत वेळ घालवला होता.

अनुसूयाबाईंचं कुटुंब पिढ्यान्पिढ्या झाशीतल्याच खंडेराव गेटजवळचं. हौसाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा फौजेत हवालदार, झाशीजवळच्या बबिना छावणीत नोकरीत असतानाच वारला. मुलगाही फौजेत, आसामात. तरी झाशीतलं दोन खोल्यांचं आपलं घर सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी हौसाबाईंना विचारलं, "माताजी, घर में और कौन है?"

"कोई नहीं," हौसाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. एकट्या माणसाचं औषध चुकतं, जेवण चुकतं, काही झालं तर कळायला उशीर होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग अनुसूयाबाईंभोवती उभे असलेले नवरा, मुलगा, सून पाहून ते हसले. "आपकी तो कोई चिंता नहीं."

महिन्याभराने दोघी तपासणीला आल्या. हौसाबाई रिक्षा न करता चालत आल्या होत्या. अनुसूयाबाई मात्र बाकावर टेकल्या त्या धापा टाकतच. हौसाबाईंनी त्यांच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला, तर तिथे खळगा पडला.

"पाणी काढायची गोळी घेता ना, ताई?"

"सकाळी घेतली की सारखं उठावं लागतं. पोळ्या अर्धवट टाकून कसं जायचं? म्हणून मग नंतर घेऊ म्हणते, आणि राहूनच जाते."

"आणि मीठ?"

"माझ्यासाठी वेगळी भाजी कोण करणार? सगळ्यांचीच खाते."

डॉक्टरांनी गोळी वाढवली, रागावले, पण पोळ्यांचं त्यांना कोणी सांगितलं नाही. ते हौसाबाईंनी मनात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट खेरांच्या घरी पोचल्या.

अनुसूयाबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांचे यजमान रमाकांतराव पेपर वाचत होते. मुलगा जनार्दन ऑफिसला निघाला होता, सून शाळेत शिकवायला गेली होती.

"भाऊ, ताईंचे पाय बघितले का तुम्ही?" हौसाबाईंनी दारातूनच विचारलं.

रमाकांतराव गोंधळले. "मी तिला कधी काम सांगत नाही हो. उलट म्हणतो, जमेल तेवढंच कर."

"सांगावं कशाला लागतंय? तिनं केलं न्हाई तर कोण करतंय, त्येवढं सांगा."

जनार्दन दारात थांबला. "आंटी, हम लोग आईचं सगळं करतो. गाडीने नेतो, दवाई आणतो."

"आणतोस रं बाबा. पण ती खायला तिला सवड कुठं हाय?"

रमाकांतराव दुखावले होते. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अनुसूयाबाईंनी गॅस बंद केला. तवा तसाच राहिला. त्या येऊन खुर्चीत बसल्या.

"अहो, मला बसायचंय," त्या म्हणाल्या. "गोळी घेऊन बसायचंय. जेवणाचं तुम्ही बघा."

लग्नानंतर असं वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. रमाकांतराव बराच वेळ पेपराची घडी घालत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि आतून विचारलं, "कणीक किती भिजवायची?"

"मी सांगते की," हौसाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांच्या मागोमाग गेल्या.

पहिले काही दिवस पोळ्या करपल्या, वरण पातळ झालं. पण मीठ बेताचं पडायचं, कारण सगळ्यांनीच कमी मिठाचं खायचं ठरलं. सून रात्रीची भाजी करू लागली, जनार्दन सकाळची भांडी घासू लागला. अनुसूयाबाईंची सूज उतरली. रोज सकाळी हौसाबाई यायच्या आणि दोघी चालायला बाहेर पडायच्या.

चालता चालता एकदा हौसाबाईंनी सांगितलं, "दिवसा काय वाटत न्हाई, ताई. दिवेलागणीला मात्र भ्या वाटतं. काय झालंच तर कुणाला हाक मारू?"

"मला," अनुसूयाबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून दिवे लागले की त्यांचा फोन जायचा. हौसाबाईंना तो उचलायला उशीर झालाच, तर जनार्दन स्कूटर काढून बघून यायचा.

गणेशोत्सवात मराठी मंडळींचं जेवण होतं. दरवर्षी तिथले मोदक अनुसूयाबाईंच्या हातचे. या वर्षी मोदकांच्या पातेल्याशी रमाकांतराव होते, घामाघूम. मोदक वाकडे होते, काहींच्या कळ्या उमलल्या होत्या.

हौसाबाईंना घेऊन अनुसूयाबाई पंख्याखाली बसल्या होत्या. एक ओळखीच्या बाई आश्चर्याने म्हणाल्या, "अनुसूयाबाई, तुम्ही बसून? आणि रमाकांतराव मोदक करतायत?"

"हो," अनुसूयाबाई मान ताठ करून म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी केलेत. आणि या माझ्या हौसाबाई. यांनी त्यांना शिकवलं."