शेळ्यांच्या वाटेवरचा पलंग

मी एक जुना पलंग आहे, मित्रांनो. डोंगरावर उभा असतो आणि दाराचं काम करतो. हसलात ना? हसा खुशाल. आमच्या क्रीट बेटावर कोणी हसत नाही. इथे लोखंडी पलंग म्हातारा झाला, की त्याला शेताच्या नाहीतर गोठ्याच्या तोंडाशी तारेने बांधतात आणि तो आणखी चाळीस वर्षं नोकरी करतो.

बंदरावरच्या एका लोहाराने मला घडवलं. द्राक्षवेलीची नक्षी केली, वर दोन पितळी गोळे बसवले. अर्गिरोच्या लग्नात मी गाढवावरून तिच्या सासरी आलो. वाटेत एक गोळा घरंगळला आणि तिचा नवरा कानाकिस जन्मभर म्हणत राहिला, "अर्धा हुंडा दरीनेच खाल्ला!" तिची तिन्ही मुलं माझ्यावर जन्मली. पुढे मुलं शहरात गेली, घरात लाकडी पलंग आला आणि मी अंगणात. दोन वर्षं पावसात भिजलो. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझी पायथ्याची बाजू कोंबड्यांच्या खुराड्याला लागली. उरलो तो उशाकडचा मी.

कानाकिस गावाच्या वर असलेल्या प्राचीन नगराचा राखणदार होता. नगर म्हणजे दगडी पायऱ्या, एक कोरडं टाकं, तेल गाळायचा मोठा दगड आणि समोर निळाशार समुद्र. शेळ्यांना त्या पायऱ्या भारी आवडत, आणि त्यांच्या नाचण्याने दगड निखळत. एक दिवस त्याने मला पाठीवर घेतलं, वर नेलं आणि वाटेच्या तोंडाशी तारेने बांधून म्हणाला, "पुष्कळ झोपवलंस आम्हाला. आता जागा राहा."

तेव्हापासून मी जागाच आहे. सुट्टीला आलेली माणसं लालबुंद होऊन वर येतात, पायऱ्यांवर बसतात आणि समुद्र पाहत राहतात. कानाकिस गेल्यावर राखण अर्गिरोकडे आली. ती सगळ्यांना गार पाणी आणि अंजिरं देते, "कुठून आलात?" विचारते आणि उत्तर काहीही असो, "लांब आहे हो!" म्हणते.

गेल्या वसंतात कोणीतरी मला उघडं टाकून गेलं. शेळ्या शिरल्या, वरच्या पायरीचा दगड कोसळला. दगड परत बसवला, पण पुरातत्त्व कचेरीचं पत्र आलं: तपासणीला पुन्हा एक जरी शेळी आत दिसली, तर ही जागा लोकांना कायमची बंद. अर्गिरोने ते माझ्यासमोरच वाचलं. "माणसं आली नाहीत तर मी बोलू कोणाशी रे? भिंतीशी?" असं म्हणून तिने डोळे पुसले.

तपासणीच्या दिवशी सकाळीच एक परदेशी जोडपं वर आलं, वाऊट आणि लिस्बेत. स्वभावाने सोन्यासारखी माणसं! वाटेवरच्या बाटल्या वेचत, पिशवीत भरत येत होती. मला पाहून लिस्बेत हळहळली. "एवढी सुंदर जागा, आणि इथे कोणी पलंग टाकला?"

अहो, टाकलेला नाही! पण मला कुठे बोलता येतं? त्यांनी तार सोडली, मला उचललं आणि खाली वळणावरच्या कचऱ्याच्या पेटीला टेकवलं. तारही पेटीत गेली.

थोड्याच वेळात वरून अर्गिरोचा आवाज आला. तिचा आवाज दरीपलीकडे जातो, आणि कानेला ही तिची सगळ्यात द्वाड शेळी. "कानेला! भवाने, उतर खाली! अगं, आज तरी माझी अब्रू राख!"

हात धुऊन जोडपं हसतमुखाने वर पोचलं. "मावशी, आम्ही कचरा काढला!"

"अरे बाबांनो, तो माझा पलंग!"

वाऊट चकित झाला. "तुम्ही इथे झोपता?"

"झोपते कसली! दार आहे ते माझं! पळा, घेऊन या!"

असे धावले बिचारे! मला डोक्यावर घेऊन धापा टाकत वर आले. पण तार पेटीतच राहिली. शेवटी दोघांनी मला दोन्हीकडून हातांनी धरून ठेवलं. तोवर अर्गिरोने चार शेळ्या हाकलल्या होत्या. तेवढ्यात जीप थांबली. तपासणीच्या बाई, एव्हान्थिया, उतरल्या.

"हे दार?"

"हो, बाई."

"आणि हे दोघे?"

"बिजागऱ्या," अर्गिरो म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्याच क्षणी आत टाक्यापाशी घंटा किणकिणली. अर्गिरोचा चेहरा उतरला.

"आहे एक आत," ती म्हणाली. "खोटं बोलणार नाही. माझीच आहे."

लिस्बेत रडकुंडीला आली. "चूक आमची आहे. दार आम्ही काढलं."

बाई आत गेल्या. एकेक पायरी हाताने हलवून पाहिली. बराच वेळ लागला. मी लोखंडाचा, तरी धडधडत होतं म्हणा ना! मग त्या कानेलाला शिंगाला धरून बाहेर आल्या. जीपमधून तारेचं वेटोळं काढलं, मला दगडाशी टेकवलं आणि दोन वेढे खाली, एक उलटा वर, अशी गाठ मारली. आमच्या डोंगरातली माणसंच अशी गाठ मारतात.

"आमच्या आजीच्या गोठ्याला असाच पलंग होता," त्या म्हणाल्या. "त्याला मात्र दोन्ही गोळे होते."

अर्गिरो उसळली. "अहो, तो दरीने खाल्ला!"

आता बाई खळखळून हसल्या. कागदावर त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "दगड जागच्या जागी. दार आहे. लागतं." शेळीचं नावच नाही.

अर्गिरोने आधी बाईंना मिठी मारली, मग बिजागऱ्यांना. अंजिरं निघाली. "कुठून आलात?" तिने वाऊटला विचारलं.

मित्रांनो, तुम्हीही कधी सुट्टीत अशा डोंगरावर याल. वाटेत पलंग उभा दिसला, तर तो कोणी टाकलेला नाही. गाठ सोडा, आत या, पायऱ्यांवर हवा तेवढा वेळ बसा. निघताना मात्र मला नीट लावून जा. आत आली होती तेव्हा कानेलाने सगळं पाहून घेतलंय, आणि ती रोज दुपारी येऊन माझी गाठ हुंगून जाते.