मधमाशीच्या मिशीतला हमाल

मी हमाल बोलतोय. ओझं उचलतो ते वासाचं. मधमाशीच्या मिशीत पातळसा रस असतो, त्यात राहणारं मी एक प्रथिन. बाहेरून वासाचा कण आला की त्याला पोटाशी धरायचं आणि रस ओलांडून आतल्या मज्जातंतूच्या दारात नेऊन टाकायचं. माझे भाऊबंद फुलांचे वास वाहतात. माझ्या वाट्याला आलाय मेणाच्या झाकणाखाली मेलेल्या पिलाचा वास. तो पोचला की माशी झाकण फोडते, मढं बाहेर काढते आणि रोग तिथेच थांबतो.

आमची मालकीण आर्डिस ट्वेट, मिनेसोटातली. माश्यांवर जीव, पण लाड नाहीत. दर जूनमध्ये ती शंभर बंद घरांतली पिलं टाचणीने मारते आणि दुसऱ्या दिवशी मोजायला बसते. पंच्याण्णव घरं साफ झाली तर त्या राणीचा वंश वाढवायचा. नाहीतर राणी चिमटीत चिरडायची. माझा साचा राणीच्याच पोटात. ती गेली की या पोळ्यातून आमची जातच संपली.

यंदा साफ घरं निघाली एकेचाळीस!

"चिरड तिला," आर्डिसची नणंद व्हर्ना म्हणाली. "ऐतखाऊ आहेत मेल्या. अगदी माझ्या भावासारख्या."

आर्डिसने राणी उचललीसुद्धा. मला ओरडता येत नाही याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं. माझी कूस भलत्याच वासाने ठासून भरली होती. मढ्याचा कण ठेवू कुठे?

तेवढ्यात आर्डिस थबकली. तिने पोळ्याची चौकट नाकाशी नेली. "व्हर्ना, इथे खोकल्याच्या मलमाचा वास कसा गं?"

"मीच ठेवली परवा डबी. माश्यांच्या अंगावरची गोचिडं मरतात म्हणे. भलं करायला गेले तुझ्या माश्यांचं!"

डबीत होतं ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल. त्याच उग्र वासाने माझी कूस भरली होती!

"अगं, मग सांगायचंस की!"

"तू विचारलंस कधी?"

आर्डिसने राणी सोडली, डबी काढली आणि पेटी आठवडाभर हवेशीर ठेवली. मग पुन्हा टाचणी. माझ्या माशीचं वय आता साफसफाई सोडून फुलांवर जायचं, पण ती हटली नाही, मीही नाही. एकेक कण उचलला.

सत्त्याण्णव.

"वाईट नाही," आर्डिस म्हणाली. त्याहून मोठी शाबासकी तिच्याकडे नाही.

आता माझ्या माशीचे पंख झिजलेत. ती चार दिवसांची पाहुणी, तिच्याबरोबर मीही. मागणं एकच. कुणाला नालायक ठरवण्याआधी त्याच्यावर काय लादलंय, ते एकदा हुंगून बघा. बरं, आता बोलत बसायला सवड नाही. तिसऱ्या चौकटीत, झाकणाखाली, एक पिलू गेलंय.